शुभदाताईंची फळी

शुभदाताई खांबेटे रागावल्या की त्यांचा आवाज चढायचा नाही, उतरायचा. रोज 'अहो देसाई' म्हणणाऱ्या बाई एखाद्या दिवशी 'आपण' म्हणायला लागल्या की आम्ही समजून जायचो, देसायांचं आता काही खरं नाही. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात त्या हेडक्लार्क होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली, प्रवेशाच्या खिडकीवर. मी नोकरीला लागले तेव्हा शिपायानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की मॅडम, प्राचार्यांशी वाकडं घेतलंत तरी चालेल, पण बाईंशी नको. प्राचार्य विसरतात.

हे देसाई आमच्या ग्रंथालयात होते. एका चतुर्थीला त्यांनी शुभदाताईंच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि बोटं चाटत म्हणाले, जरा चिकट झालीय. बाई हसल्या. त्यानंतरची चार वर्षं दर चतुर्थीला त्या मोठा डबा भरून खिचडी आणायच्या, सगळ्यांना वाढत टेबलाटेबलावरून फिरायच्या आणि देसायांपाशी आल्या की थांबायच्या. डबा त्यांच्या नाकासमोर धरून अगदी आर्जवानं विचारायच्या, "आपल्याला चिकट चालत नाही, नाही का?" आणि पुढे जायच्या. शेवटी देसायांच्या निवृत्तीच्या दिवशी बाईंनी त्यांच्यासाठी वेगळा डबा आणला. आम्हाला वाटलं, मिटलं एकदाचं. देसायांनी झाकण उघडलं तर आत अर्धवट भिजवलेल्या साबुदाण्याची खिचडी होती, एकेक दाणा खड्यासारखा कडक. बाई म्हणाल्या, "मुद्दाम मोकळी केलीय." देसायांनी ती सगळ्यांसमोर चावून चावून खाल्ली.

मला शुभदाताई फार आवडायच्या आणि का ते सरळच सांगते. मलाही विसरता येत नाही. आमच्याकडे कुणी कितीही लागट बोललं तरी अम्मी दोन दिवसांत सगळं माफ करून त्यांना शीरखुर्म्याला बोलवायची, आणि मला त्या माणसांपेक्षा अम्मीचाच राग यायचा. शुभदाताईंना पाहून मला पहिल्यांदा वाटलं की मनात ठेवणं हाही एक व्यवस्थित, स्वच्छ, रोजच्या रोज करायचा उद्योग असू शकतो. मी त्यांच्याकडून फायली लावायला शिकले आणि हेही थोडंफार शिकले.

त्यांचा सगळ्यात जुना राग मात्र घरातच होता. विलासराव, म्हणजे त्यांचे यजमान, एका इंजिनिअरिंग कंपनीतून निवृत्त झालेले, उंच, गोरे, खळखळून हसणारे गृहस्थ. त्यांच्यात वाईट असं काही नव्हतं, आणि बाईंची पंचाईत तीच होती. माणूस वाईट असता तर कुणाला तरी सांगता आलं असतं. विलासरावांना समुद्राचं वेड. लग्न झाल्यापासून दरवर्षी एक सहल समुद्राकाठी ठरलेली. पोचल्या पोचल्या विलासराव कपडे काढून, घड्याळ, चष्मा, पाकीट बायकोच्या ओटीत घालून पाण्यात शिरायचे. गॉगल त्यांचा, पायाला लावायचे रबरी पंख त्यांचे, पोहायचा टॉवेल त्यांचा. जाताना म्हणायचे, "कपडे सांभाळ." बाई वाळूत बसून कपडे सांभाळायच्या. एकदा तारकर्लीला सगळा किनारा मोकळा होता, चिटपाखरू नव्हतं. बाई म्हणाल्या, मीही येऊ का? विलासरावांनी चकित होऊन विचारलं, "दोघं गेलो तर कपडे कोण बघणार?"

त्याच सहलीत ते घडलं. शेवटच्या दिवशी बाईंना राहवलं नाही आणि त्या फक्त पाय ओले करायला उठल्या. चार-पाच मिनिटं गेली असतील. तेवढ्यात एक लाट नेहमीपेक्षा वर आली आणि विलासरावांची एक चप्पल घेऊन गेली. विलासराव एका पायात चप्पल घालून एसटी स्टँडपर्यंत आले. एवढीच गोष्ट. पण ही गोष्ट विलासरावांनी पुढे बावीस वर्षं सांगितली. मुंजीत, बारशात, सोसायटीच्या कोजागिरीला. मी स्वतः ती त्यांच्या धायरीच्या घरी, त्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात ऐकली. विलासराव उभे राहून लंगडत चालून दाखवायचे आणि शेवटी म्हणायचे, "तर आमच्या हिला एक चप्पल सांभाळता येत नाही." माणसं पोट धरून हसायची. त्या साखरपुड्यात शुभदाताई हातात पेढ्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही आणि मला तिथेच विलासरावांची भीती वाटली, म्हणजे विलासरावांसाठी.

जे विलासरावांनी कधी विचारलंच नाही ते असं की शुभदाताईंना पोहता येत होतं. लग्नाआधी शाळेतून त्या स्पर्धांना जायच्या. तीन भावांच्या पाठची बहीण, भावांच्या मागोमाग तलावावर जाऊन शिकलेली. मी एकदा म्हटलं, मग सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, पहिल्या वर्षी लाजले, दुसऱ्या वर्षी गौरी पोटात होती, आणि तिसऱ्या वर्षापासून ठरवलं की आता सांगायचं नाही, योग्य वेळी दाखवायचं.

योग्य वेळ यायला तीस वर्षं लागली. विलासरावांच्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली, आणि डॉक्टरांनी समुद्रात जायचं कायमचं बंद केलं. पुढच्याच वर्षी लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून गौरीनं, ती हिंजवडीला आयटीत होती, दोघांना श्रीलंकेची तिकिटं काढून दिली. दक्षिण किनाऱ्यावरचं गाव, आठ दिवस, समोर समुद्र. विलासराव खिन्न होऊन म्हणाले, मी पाण्यात जाणार नसेन तर तिथे जाऊन करायचं काय? शुभदाताई म्हणाल्या, "तुम्ही बसा. मी जाईन." विलासराव हसले. त्यांना वाटलं ही घोट्याएवढ्या पाण्याबद्दल बोलतेय. गौरीनं मोबाइलवर त्या गावाचा व्हिडिओ दाखवला तेव्हा लाटांवर माणसं फळीवर उभी राहून येत होती. बाईंनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या खिडकीशी येऊन हलक्या आवाजात विचारलं, "नसरीन, ही फळी पुण्यात कुठे मिळते?"

आवाज खाली आलेला ऐकून मी खुर्ची सोडून उठलेच.

विलासरावांचं म्हणणं की फळ्या तिथे भाड्यानं मिळतात, उगाच ओझं कशाला. त्यांचं बरोबरच होतं. पण बाईंना भाड्याची फळी नको होती. तीस वर्षं या माणसाचं सगळं सामान स्वतःचं होतं आणि मी त्याची राखण केली, आता माझं सामान असेल आणि त्याची राखण हे करतील, असा त्यांचा सरळ हिशेब. शिवाय त्या सामानात काहीही कमी पडता कामा नये.

एका शनिवारी आम्ही दोघी कॅम्पातल्या खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात गेलो. बाईंनी सर्फबोर्ड मागितला. दुकानदारानं डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, अंबाडा, नारायणपेठी, खांद्यावरची कापडी पिशवी, आणि विचारलं, "नातवासाठी का?"

"नाही," शुभदाताई म्हणाल्या. "सासूबाईंसाठी. आपल्याकडे त्यांच्या मापाचं आहे का ते बघा."

त्याच्याकडे नव्हता. पुण्यापासून समुद्र चार-पाच तासांवर, इथे कोण घेणार? त्यानं क्रिकेटचे पॅड दाखवायला सुरुवात केली. पाण्यात घालायचा पूर्ण बाह्यांचा पोशाखही त्याच्याकडे बारीक मुलींच्याच मापाचा होता. बाई त्याला म्हणाल्या, आपण फार मदत केलीत, आणि त्याच्या दुकानाचं नाव पिशवीतल्या डायरीत लिहून घेतलं. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

पोशाख, पायाला बांधायचा पट्टा आणि फळीला चोळायचं मेण गौरीनं ऑनलाइन मागवून दिलं. फळीही मागवता आली असती, पण ती वेळेत पोचेल याची खात्री कुणी देईना. तेव्हा मी माझ्या मुनीरमामूंचं नाव सुचवलं. मुनीरमामूंचा हडपसरला फायबरचा कारखाना. वर्षभर पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, आणि गणपतीच्या आधी तीन महिने मंडळांसाठी हत्ती, मोर, सिंहासनं. मामूंनी आयुष्यात समुद्र दोनदा पाहिला होता. बाईंनी मोबाइलवर चित्र दाखवलं, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते नीट पाहिलं आणि म्हणाले, होऊन जाईल, मोराच्या पिसाऱ्यापेक्षा सोपं आहे.

पहिली फळी झाली ती दोन माणसांनी उचलायची. मामूंना आजवर गिऱ्हाइकानं कधी हलकं करा म्हणून सांगितलंच नव्हतं, सगळ्यांना पक्कं हवं असतं. ते अभिमानानं म्हणाले, "बाई, आपली टाकी तिसऱ्या मजल्यावरून पडली तरी फुटत नाही."

"मुनीरभाई," बाई म्हणाल्या, "मला तिसऱ्या मजल्यावरून पडायचं नाहीये. मला पाण्यावर तरंगायचंय."

मामू 'आपण'ची वाट न बघता कामाला लागले. माणसं ओळखण्यात ते हुशार. शीतगृहाच्या भिंतीत घालतात तो हलका फोम त्यांनी आणला, घासून घासून आकार दिला, वर फायबरचे पातळ थर चढवले, खाली माशाला असतात तसे तीन पंख बसवले. रंग बाईंनी विचारपूर्वक निवडला, भडक केशरी. लांबून दिसायला हवी, म्हणाल्या. कुणाला ते सांगायची गरज नव्हती.

पुढचे चार महिने मी त्यांच्यात जो बदल पाहिला तो काही आनंदाचा म्हणता येणार नाही. सर्फिंगवर प्रेम वगैरे त्यांना अजिबात नव्हतं. खारं पाणी त्यांना आवडत नव्हतं, वाळूचा तिटकारा होता. सकाळी सहाला त्या तलावावर बायकांच्या वेळेत पोहायला जायच्या, परत येऊन पोळ्या करून नवाला ऑफिसात हजर, आणि संध्याकाळी हॉलमध्ये सतरंजीवर पालथ्या पडून एका झटक्यात उभं राहायचा सराव. नेमका विलासरावांच्या बातम्यांच्या वेळी, टीव्हीच्या समोर. विलासराव बिचारे पाय वर घेऊन सोफ्यावर बसायचे आणि बायको मध्येमध्ये उभी राहिली की बातमीचा उरलेला भाग बघायचे. एकदा त्यांनी मला फोन करून विचारलं की ऑफिसात काही टेन्शन आहे का? मी नाही म्हणाले. बाईंच्या बाजूनं खरं लपवताना मला जराही वाईट वाटलं नाही.

निघायच्या आधी फळी शेवटचा हात मारायला मामूंकडे गेली होती. बाईंनी तोवर तिच्यावर व्हिडिओत दाखवलं तसं मेण चोळून ठेवलं होतं. त्या मेणाच्या बारीक गाठी होतात, त्यावर पाय धरतात, नाहीतर ओल्या फळीवरून माणूस घसरतो. हे मामूंना कुणी सांगितलं नव्हतं. ज्या माणसानं तीस वर्षं मोराला आरशासारखी चकाकी आणली, त्याला आपल्या कामावर कुणीतरी मेणबत्ती सांडल्यासारखं दिसलं. त्यांनी थिनर लावून सगळं मेण काढलं, मशीन फिरवलं, वर गाडीचं पॉलिश मारलं, आणि गादीवाल्याकडून शिवून आणलेल्या जाड खोळीत घालून, तोंड शिवून, फळी धायरीला पोचती केली. शुभदाताईंनी खोळ उघडली ती थेट श्रीलंकेत.

परत आल्यावर सोमवारी त्या कामावर आल्या तेव्हा नाकाचं सालपट निघालं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला रेकॉर्ड रूममध्ये बोलावलं, दार लोटलं आणि सगळं सांगितलं.

पहिल्या दिवशी विलासरावांनी आपणहून बायकोचे कपडे, चष्मा, चपला घेतल्या. "जा तू, मी आहे," म्हणाले. बाई केशरी फळी घेऊन पाण्यात गेल्या, पहिल्या लाटेला उभं राहायला गेल्या आणि साबणावरून घसरावं तशा तोंडावर आपटल्या. पुन्हा उठल्या, पुन्हा आपटल्या. विलासराव काठावर टाळ्या वाजवून हसत होते. तिथल्या सर्फिंग शिकवणाऱ्यानं, निमल त्याचं नाव, फळीवर हात फिरवून बघितला आणि डोक्याला हात लावला. त्यानं स्वतःचं मेण काढून फळी नीट करून दिली. मामूंना बाई नंतर एवढंच म्हणाल्या, "चकाकी छान होती मुनीरभाई. पडताना माझा चेहरा दिसत होता."

चौथ्या दिवशी त्या उभ्या राहिल्या. पाच-सहा सेकंद. पण त्यांचा संताप त्यामुळे वाढलाच, कारण काठावर बसलेला माणूस मजेत होता. विलासरावांनी छत्री भाड्यानं घेतली होती, शेजारच्या एका वृद्ध जर्मन जोडप्याशी मैत्री केली होती, शहाळं पीत होते, बायकोच्या चपला मांडीशी घेऊन दुपारची झोपही काढत होते. कपडे सांभाळण्यात कमीपणा असतो हे त्यांना कळतच नव्हतं. "तीस वर्षं मी जे गिळलं," बाई मला म्हणाल्या, "ते ह्यांनी शहाळ्याबरोबर चवीनं खाल्लं."

सहाव्या दिवशी पाण्याची ओढ जरा तिरकी होती. निमल आणि बाई सरकत सरकत उजवीकडच्या खडकांच्या पलीकडे गेले. तिथे पाणी शांत होतं, दोघं आपापल्या फळीवर बसून दम खात होते. खडकांच्या फटीतून बाईंना किनारा दिसत होता, किनाऱ्यावरून त्या दिसत नव्हत्या. थोड्या वेळानं विलासराव उठून उभे राहिले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी पाणी पाहिलं. मग इकडून तिकडे चालायला लागले, मग धावायला. मग हाका मारायला लागले.

"नसरीन, ह्यांनी मला नावानं हाक मारली. शुभदा, शुभदा म्हणून. घरी नेहमी 'अगं'. माझं नाव ह्यांच्या तोंडून शेवटचं कधी ऐकलं तेच मला आठवेना."

निमल म्हणाला, चला, ते घाबरलेत. बाई म्हणाल्या, थांब.

विलासराव लोकांना हातवारे करून काही सांगत होते, लोकांना कळत नव्हतं. मग सगळं सामान तिथेच वाळूत टाकून ते कपड्यांसकट पाण्यात शिरले. गुडघ्याएवढं, कमरेएवढं. डॉक्टरांनी बजावून सांगितलेला माणूस, खिशात मोबाइल, छातीएवढ्या पाण्यात उभा राहून हाका मारत होता. लाट आली की दिसेनासा होत होता आणि पुन्हा वर येत होता.

"मग तुम्ही गेलात ना?" मी विचारलं.

शुभदाताईंनी डबा पुसून बंद केला. "नाही," म्हणाल्या. "पाणी गळ्याशी येईपर्यंत थांबले. निमल ओरडायला लागला तेव्हा निघाले."

इतकी वर्षं ज्यांच्या प्रत्येक सुडाला मी मनातून दाद दिली, त्यांची मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. त्या माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, बाहेर आल्यावर ह्यांचे हात बर्फासारखे गार होते, रात्रभर धरून बसले होते मी. हे त्यांनी इतक्या भरभर सांगितलं की मला वाटलं, आपल्याला ऐकू येऊ नये अशीच त्यांची इच्छा असावी. मग नेहमीच्या आवाजात त्यांनी मला प्रवेशाच्या याद्या झाल्या का म्हणून विचारलं.

त्यानंतर वर्षभरानं गौरीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. मी गेले होते. थोड्याच दिवसांत माझी संस्थेच्या दुसऱ्या गावच्या कॉलेजात बदली झाली, तेव्हा बाईंना मी पाहिलं ते तेच शेवटचं. जेवणं झाली होती, हॉल भरला होता, आणि शुभदाताई मधोमध उभ्या राहून श्रीलंकेची गोष्ट सांगत होत्या. या माणसाचं काठावर कसं झालं ते त्या करून दाखवत होत्या. डोळ्यांवर हात, इकडून तिकडे तुरुतुरु धावणं, परक्या देशात मराठीतून लोकांना विचारणं, माझी बायको पाहिली का, केशरी फळी होती. नक्कल इतकी हुबेहूब होती की गौरीचे ऑफिसातले मित्र डोळे पुसत हसत होते. ही गोष्ट त्यांची बऱ्याचदा सांगून झाली असणार, कारण कुठे थांबायचं ते त्यांना पक्कं माहीत होतं. "आणि मी पलीकडे आरामात बसलेली," त्या म्हणाल्या. "तर आमच्या ह्यांना एक बायको सांभाळता येत नाही."

विलासराव पाण्यात शिरले तो भाग त्यांनी सांगितला नाही.

हशा ओसरल्यावर खुर्चीवर बसलेले विलासराव घसा साफ करून म्हणाले, "पण मी मग पाण्यात..."

"थांबा हो," शुभदाताई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "आपण मध्ये बोलू नका. मी सांगतेय ना."

विलासराव थांबले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, बहुधा कुणीतरी विचारेल या आशेनं, की मग तुम्ही काय केलंत? त्यांची नजर माझ्यावरही आली. त्या दोघांखेरीज उरलेली गोष्ट ठाऊक असलेली त्या घरात मी एकटी होते. मला त्यांची मनापासून दया आली. मग बाईंनी लंकेतल्या वाळूतली धावपळ पुन्हा एकदा करून दाखवली, आणि मी सगळ्यांबरोबर हसले.